पिकअप घेताना कुणाचं ऐकायचं: रेटिंगचं की गाडी वापरलेल्या माणसाचं?

सोयाबीन मोंढ्यावर गेलं, हातात थोडा पैसा आला की मराठवाड्यात पिकअपची चौकशी सुरू होते. लातूर असो, जालना असो की परभणी, शेतीच्या जोडीला भाड्याचा धंदा बघू म्हणणारा एखादा पोरगा घरोघरी आहे. गाडी आठ-दहा लाखांची आणि त्यातला मोठा हिस्सा कर्जाचा. गाडी चुकली तर ती गॅरेजला उभी आणि हप्ता मात्र चालू, अशी पाच वर्षं काढावी लागतात. म्हणून गाडी दमाची आहे की नाही हे कशावरून ठरवायचं, याचा नीट विचार आधीच झाला पाहिजे. मोबाइलवरच्या रेटिंगवरून ठरवायचं, की गाडी वापरलेल्या माणसाच्या बोलण्यावरून?

माझं म्हणणं असं की मालवाहू पिकअपच्या बाबतीत वापरणाऱ्याचा अनुभव रेटिंगपेक्षा वजनदार ठरतो. फक्त त्याच्याकडून मत घ्यायचं नाही, हिशोब घ्यायचा. आणि रेटिंग कसं तयार होतं हे समजून घेतलं, तर तो हिशोब कसा मागायचा हेही कळतं.

रेटिंग आहे तरी कशाचं

शोरूममध्ये किंवा जाहिरातीत ‘फाइव्ह स्टार’ दिसतं. भारत एनकॅपची चाचणी ऑक्टोबर 2023 पासून सुरू झाली. तिचे स्टार गाडी धडकल्यावर आतला माणूस किती वाचतो ते सांगतात. इंजिन किती लाख किलोमीटर टिकेल, गिअरबॉक्स कधी आवाज करू लागेल, याच्याशी त्यांचा काही संबंध नाही. शिवाय ही चाचणी 3.5 टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांची आहे, मालवाहू पिकअप तिच्यात येतच नाही. सेल्समननं कंपनीचे पाच स्टार दाखवले, तर ते त्याच कंपनीच्या एखाद्या एसयूव्हीचे असतील, असं धरून चाला.

टिकाऊपणाचं खरं मोजमाप अमेरिकेत होतं. जे.डी. पॉवर ही संस्था तीन वर्षं जुन्या गाड्यांच्या पहिल्या मालकांना विचारते की गेल्या 12 महिन्यांत गाडीनं काय काय त्रास दिला. मग दर 100 गाड्यांमागे किती तक्रारी आल्या, तो आकडा छापते. आकडा जितका कमी तितकी गाडी चांगली. पण या मोजणीत मोबाइल स्क्रीनला जोडला जात नाही ही एक तक्रार आणि गिअरबॉक्स बसला हीसुद्धा एकच तक्रार. कन्झ्युमर रिपोर्ट्स ही दुसरी संस्था आपल्या सभासदांना विचारते आणि मोठ्या बिघाडाला जास्त वजन देते, म्हणून मला तिची पद्धत अधिक पटते. दोन्हीकडे फोर्ड एफ-150, शेवरोले सिल्व्हराडो अशा गाड्या असतात. त्यातल्या कितीतरी घरच्या कारसारख्या वापरल्या जातात. आपल्याकडच्या बोलेरो पिकअप, योद्धा, इंट्रा किंवा दोस्तबद्दल त्या यादीत काहीच सापडणार नाही.

आपल्या हातात मग उरतात वेबसाइटवरचे स्टार आणि यूट्यूबवरचे व्हिडिओ. स्टार देणारा बहुतेक वेळा नव्याच्या नवलाईत देतो, गाडीला महिना-दोन महिने झालेले असतात. व्हिडिओवाला रिकामा हौदा घेऊन डांबरी रस्त्यावर चक्कर मारतो. सीट, डॅशबोर्ड, स्टिअरिंग किती हलकं, एवढं त्यातून कळतं, आणि तेवढ्यासाठी तो व्हिडिओ जरूर बघावा. टिकाऊपणाची माहिती त्यात नसते.

तीन जणांना विचारलं म्हणजे झालं का

गावात आपण काय करतो? दाजींकडं आहे, मामाच्या साडूकडं आहे, नाक्यावर एक जण उभा असतो, अशा तिघांना विचारतो. तिघंही म्हणतात, ‘बिनधास्त घ्या.’ आणि आपण बयाणा देऊन मोकळे होतो.

इथं रेटिंगवाल्यांचं एक शहाणपण कामाला येतं. समजा, एका मॉडेलच्या 100 गाड्यांपैकी 10 गाड्यांचा गिअरबॉक्स तीन वर्षांत उघडावा लागतो. दुसऱ्या मॉडेलच्या 20 गाड्यांचा उघडावा लागतो. म्हणजे दुसरी गाडी दुप्पट वाईट. आता पहिल्या मॉडेलच्या कुठल्याही तीन मालकांना विचारा. तिघंही ‘काही त्रास नाही’ म्हणण्याची शक्यता 73 टक्के. दुसऱ्या मॉडेलच्या तिघांना विचारलं, तरी तिघंही तेच म्हणण्याची शक्यता 51 टक्के. दुप्पट वाईट गाडीसुद्धा निम्म्या वेळा तीन माणसांच्या चौकशीत पास होते. त्या तिघांत कुणी खोटं बोललेलं नसतं. माणसंच कमी पडतात.

म्हणून तीन मालकांवर थांबू नका. दहा-पंधरा मालकांपर्यंत जा. बाजार समितीच्या आवारात पहाटे भाजीपाल्याच्या गाड्या उतरतात, तिथं एका सकाळीत तेवढे मालक आणि ड्रायव्हर भेटतात. हमाल माल उतरवत असतात, ड्रायव्हर चहा घेत मोकळा असतो, आणि गाडीबद्दल विचारलं तर बहुतेक जण आपणहून बोलतात.

एकच गाडी, दोन निकाल, दोन्ही खरे

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण बहुतेक लोक इथंच फसतात.

माझ्या ओळखीत एकाच मॉडेलच्या, साधारण एकाच वयाच्या दोन पिकअप आहेत. एक जालन्याहून मोसंबी घेऊन समृद्धी महामार्गानं वाशीच्या मार्केटला जाते. दुसरी आष्टी तालुक्यात गावोगावचं दूध गोळा करते. मोसंबीवाला इंजिनाला नाव ठेवू देत नाही, इतका खूश आहे. त्याचं रडगाणं टायरचं: सिमेंटचा रस्ता, उन्हाळा, भरलेली गाडी आणि सलग वेग, टायर लवकर जातात. दूधवाला मात्र म्हणतो, ‘ही गाडी घेऊ नका, सारखा दिवा लागतो, सारखं वर्कशॉप.’

डॅशबोर्डवरच्या त्या इशाऱ्याच्या दिव्यामागं कारण आहे. बीएस-6, म्हणजे धुराच्या नव्या सरकारी नियमांच्या, अनेक डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्याला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी गाडी स्वतःच जाळते, पण त्यासाठी सायलेन्सरकडचा भाग चांगला तापावा लागतो, म्हणजे गाडी बराच वेळ एका चालीनं पळावी लागते. दुधाची गाडी दोन किलोमीटर जाते, थांबते, इंजिन चालूच राहतं, कॅन चढतात, पुन्हा दोन किलोमीटर. फिल्टर पुरता तापतच नाही, काजळी साचत जाते आणि दिवा लागतो. मोसंबीची गाडी तासन्‌तास पळते, तिचा फिल्टर आपोआप साफ होतो.

आता तुम्हाला दूध गोळा करायचं आहे आणि तुम्ही मोसंबीवाल्याला विचारून गाडी घेतली, तर त्याचा खरा अनुभव तुम्हाला खड्ड्यात घालेल. शंभर गाड्यांची सरासरी काढणारं रेटिंगही इथं कामाला येत नाही, कारण त्यात या दोन्ही गाड्या एकत्र होऊन फरक पुसला जातो.

फरक पाडणाऱ्या बाकीच्या गोष्टीही आपल्याच भागातल्या आहेत. पावसाळ्यात काळ्या मातीच्या शिवाररस्त्यावर गाडी रुतली की क्लच जाळत बाहेर काढावी लागते, तिथं क्लचप्लेटचं आयुष्य बरंच कमी होतं. मांजरसुंब्याचा किंवा कन्नडचा घाट रोज चढणाऱ्या गाडीचं आणि सपाट नांदेड-हिंगोली पट्ट्यातल्या गाडीचं गणित वेगळं. मे महिन्यात परभणी-नांदेडकडं पारा 42-43 अंशांवर जातो, तेव्हा रेडिएटर आणि फॅनबेल्टची परीक्षा होते. शेतातल्या ड्रममधलं डिझेल भरणाऱ्याच्या गाडीत पाणी आणि कचरा जातो, मग इंजेक्टरला दोष येतो आणि नाव कंपनीचं खराब होतं.

आणि वजन. एखादा सांगतो की पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) टिकत नाहीत, तर लगेच विचारा, पासिंग किती, म्हणजे कागदावर किती वजनाची परवानगी आहे, आणि भरता किती? दीड टन पासिंगच्या गाडीत अडीच टन भरल्यावर पाटा तुटला, तर त्यावरून गाडी हलकी ठरत नाही. ओव्हरलोडचा दंड 2019 च्या दुरुस्तीनंतर 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये असा आहे. तुमचा माल नेहमीच जास्त असणार असेल, तर मोठ्या पासिंगची गाडी घ्या. तुटलेले पाटे आणि दंड भरण्यापेक्षा ते परवडतं.

मालक, ड्रायव्हर, मिस्त्री

मालकाला स्वतःच्या गाडीबद्दल वाईट बोलायला जड जातं. घामाचे पैसे घातलेले असतात, चारचौघांत निर्णय चुकला म्हणायचं नसतं. काही जणांना पुढंमागं तीच गाडी विकायची असते. ड्रायव्हर जास्त मोकळा असतो. ‘लई गुणाची गाडी हाय, पण भरल्यावर घाटात दुसऱ्या गिअरशिवाय चढत न्हाई,’ हे वाक्य तुम्हाला मालकाकडून मिळणार नाही.

मिस्त्रीला विचारणं सगळ्यात चांगलं, पण त्याचं ऐकताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. गॅरेजात जी गाडी सतत दिसते ती वाईटच असेल असं नाही, रस्त्यावर तीच जास्त आहे. तालुक्यात एका मॉडेलच्या गाड्या दुसऱ्याच्या दहापट असतील, तर बिघडलेल्याही तिच्याच जास्त दिसणार. म्हणून ‘कुठली गाडी जास्त येते’ असं न विचारता ‘ही गाडी आली तर कशासाठी येते आणि किती किलोमीटरवर येते’ असं विचारा. ब्रेकलायनर, क्लचप्लेट, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस ही झिजायचीच कामं आहेत. टर्बो, इंजेक्टर किंवा गिअरबॉक्स लाख किलोमीटरच्या आत निघत असेल, तर सावध व्हा.

मालकाकडून मागायचा हिशोबही याच धर्तीचा: गाडी कुठल्या साली घेतली, आज मीटर किती, गेल्या वर्षभरात किती दिवस उभी राहिली, कशामुळं, आणि बिल किती झालं. अमेरिकेतली संस्था 12 महिन्यांचंच विचारते. त्याआधीचं माणसाला नीट आठवतही नाही. आपणही तेवढंच विचारावं.

अनुभव शिळा होतो

एका बाबतीत मात्र जुन्या मालकाचा भक्कम अनुभवही कामाचा नाही. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झालं आणि 1 एप्रिल 2023 पासून त्याचा दुसरा टप्पा. या दोन तारखांना इंजिनाभोवतीची यंत्रणा, सेन्सर, धुराची व्यवस्था, सगळं बदललं. 2016 ची गाडी पाच लाख किलोमीटर चालली म्हणून तेच नाव लावलेली आजची गाडी तशीच चालेल, असं गृहीत धरू नका. जुन्या गाडीवरून चेसिस, पाटे, हौद्याचा पत्रा, हब-बेअरिंग यांचा अंदाज घ्या. इंजिन आणि इलेक्ट्रिकलसाठी तुमच्याच टप्प्याच्या गाडीचा मालक शोधा.

सुरक्षिततेबद्दलही कुणाचा अनुभव उपयोगाचा नाही. ‘आजवर काही झालं नाही’ यावरून धडकेत काय होईल ते कळत नाही. मालवाहू गाडीला स्टार नाहीत, तेव्हा सीटबेल्ट, ब्रेक, टायर स्वतः बघा. आणि हौद्यात माणसं बसवू नका, लग्नाचं वऱ्हाड असो की कापूस वेचायच्या बाया. हे मी कळकळीनं सांगतो.

उभ्या गाडीचा खर्च

रेटिंगमध्ये न येणारी आणि आपल्याकडं सगळ्यात जास्त मारणारी गोष्ट म्हणजे खाडा. आठ लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी 11 टक्क्यांनी घेतलं, तर हप्ता साधारण 17,400 रुपये बसतो. महिन्याला 26 दिवस गाडी चालते धरलं, तर रोजचे पावणेसातशेच्या आसपास नुसत्या हप्त्याचे. गाडी पाच दिवस उभी राहिली की सव्वातीन हजारांवर तिथंच गेले, भाडं बुडालं ते वेगळं. त्यात ठरलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या गाडीवाल्याकडं वळलं, तर ते परत येईलच असं नाही.

म्हणून दोन गाड्यांत कमी बिघडणारी निवडताना दुसराही प्रश्न विचारा: बिघडली तर पार्ट कुठून येतो? तालुक्याच्या दुकानात मिळतो, संभाजीनगरहून एसटीच्या पार्सलनं दुसऱ्या दिवशी येतो, की पुण्याहून आठवड्यानं? वर्षातून दोनदा बिघडून त्याच संध्याकाळी चालू होणारी गाडी धंद्याला परवडते. एकदाच बिघडून पंधरा दिवस उभी राहणारी परवडत नाही. माझं वजन मी यालाच सगळ्यात जास्त देतो.

वॉरंटीही किलोमीटरनं मोजा. रोज 150 किलोमीटर, वर्षाला 300 दिवस, म्हणजे 45,000. ‘तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर’ अशी अट असेल, तर तुमची वॉरंटी सव्वादोन वर्षांतच संपते.

मग ठरवायचं कसं

बाजारात तीन-चार वर्षं असलेलं मॉडेल घेत असाल, तर रेटिंग बाजूला ठेवा आणि तुमच्यासारखाच माल, तुमच्यासारखाच रस्ता असलेल्या दहा जणांचा हिशोब घ्या. हायलक्स किंवा व्ही-क्रॉससारखी घरच्या वापराची पिकअप बघत असाल, तर गोष्ट वेगळी. तिथं आपल्या भागात मालकच थोडे आहेत, त्यामुळं बाहेरच्या परीक्षणांवर जास्त विसंबावं लागतं. मात्र सर्व्हिस सेंटर किती लांब आहे ते आधी बघा.

जुनी गाडी घेत असाल, तर मॉडेलच्या नावापेक्षा त्या एका गाडीचा इतिहास मोठा. सरकारच्या एम-परिवहन ॲपवर कितवा मालक, फिटनेस, विमा दिसतं. मालवाहू गाडीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढं दरवर्षी करावं लागतं, ते मधे तुटलेलं असेल तर कारण विचारा. मीटरवर विश्वास ठेवू नका, पेडलचं रबर आणि स्टिअरिंगची झीज बघा, चेसिस नंबरवरून कंपनीच्या वर्कशॉपमधली नोंद मागा. कंपनीनं त्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या का, तेही त्याच नंबरवरून कळतं. फायनान्सवाल्यांनी ओढून आणलेली गाडी असेल, तर विचारायला मालकच नसतो. अशा वेळी ओळखीच्या मिस्त्रीला त्याची दिवसाची मजुरी देऊन सोबत न्या, आणि इंजिन थंड असतानाच त्याच्यासमोर चालू करायला लावा.

अगदी नवं मॉडेल असेल, तर ना रेटिंग आहे ना अनुभव. धंदा अडत नसेल तर थांबा. पहिल्या खेपेत ज्यांनी घेतली त्यांच्या गाड्यांवरून एक पावसाळा आणि एक मे महिना जाऊ द्या, मग बाजार समितीत पहाटे जाऊन त्यांना गाठा.