पीएचपी अपाचेच्या आत चालवायची की एफपीएमकडे सोपवायची?

स्वतःचा व्हीपीएस (भाड्याने मिळणारा आभासी सर्व्हर) घेऊन त्यावर पीएचपी या भाषेत लिहिलेली साइट चढवायची ठरली की आधी हे ठरवावं लागतं, की पानातला कोड चालवणार कोण? मॉड-पीएचपी हे अपाचे या वेब सर्व्हरच्या आत बसणारं मॉड्यूल घेतलं तर अपाचे स्वतःच तो चालवतं. एफपीएम (पीएचपीच्या प्रोसेस सांभाळणारा प्रोग्राम) घेतलं तर पीएचपी वेगळी सेवा म्हणून चालते आणि वेब सर्व्हर तिच्याकडे फक्त विनंती पाठवतो. एफपीएमच्या पुढे अपाचे ठेवायचं की एनजिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर, हा त्यानंतरचा प्रश्न.

सोपेपणात मॉड-पीएचपीचा हात कुणी धरणार नाही. उबुंटू लिनक्सवर एक पॅकेज टाका, अपाचे रीस्टार्ट करा, साइट सुरू. जुन्या साइटच्या एचटीॲक्सेस फाइलमधल्या (साइटच्या फोल्डरमधली, अपाचेसाठीच्या नियमांची फाइल) पीएचपीच्या सेटिंग्ज बदलणाऱ्या ‘पीएचपी-व्हॅल्यू’च्या ओळीही जशाच्या तशा चालतात. पण अपाचेच्या प्रत्येक प्रोसेसमध्ये पीएचपीचा इंटरप्रिटर बसलेला असतो, त्यामुळे नुसता लोगो द्यायला आलेली प्रोसेसही त्याचं ओझं वाहते. शिवाय पॅकेजमधून येणारी पीएचपी सहसा थ्रेड-सेफ नसते, म्हणजे एकाच प्रोसेसमध्ये अनेक विनंत्या एकदम हाताळायला सुरक्षित नसते; म्हणून अपाचे प्रीफोर्कवरच (दर विनंतीला स्वतंत्र प्रोसेस देणारी पद्धत) ठेवावं लागतं, आणि अपाचे 2.4.27 पासून प्रीफोर्कवर एचटीटीपी/2, म्हणजे वेबच्या प्रोटोकॉलची नवी आवृत्ती, मिळत नाही.

माझ्या मते खरा फरक सुरक्षेचा आहे. मॉड-पीएचपीत सगळ्या साइट्सचा कोड अपाचेच्या एकाच युजरच्या नावाने चालतो. एका साइटच्या जुनाट प्लगिनमधून कुणी आत शिरला, तर शेजारच्या साइटच्या कॉन्फिग फाइलमधला डेटाबेसचा पासवर्डही त्याला वाचता येतो. एफपीएममध्ये प्रत्येक साइटला स्वतंत्र पूल (पीएचपी प्रोसेसचा गट) आणि स्वतंत्र युजर देता येतो; फाइलींच्या परवानग्या नीट लावल्या की ही वाट बंद होते. एका मशीनवर दोन ग्राहकांच्या साइट्स असतील तर मॉड-पीएचपीचा विचारही करू नका. एक साइट पीएचपी 7.4 वर आणि दुसरी 8.2 वर चालवायची सोयही एफपीएममध्येच आहे.

एफपीएम 2010 साली 5.3.3 आवृत्तीपासून पीएचपीत आलं. रेड हॅट कंपनीने आपल्या आरएचईएल या लिनक्सच्या आवृत्ती 8 मध्ये तेच डिफॉल्ट केलं आणि 9 मधून मॉड-पीएचपी काढूनच टाकलं.

एफपीएमला थोडी मेहनत लागते. ‘मॅक्स चिल्ड्रन’चा, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती पीएचपी प्रोसेस चालतील त्याचा, आकडा मुळात 5 असतो, तो आपल्या मेमरीप्रमाणे ठरवायचा. 1 जीबीच्या मशीनवर डेटाबेस वगैरे वजा जाता 500 एमबी उरत असेल आणि एक पीएचपी प्रोसेस 50 एमबी खात असेल, तर 10 च्या वर जाऊ नका. जास्त ठेवलात तर गर्दीच्या वेळी मशीन स्वॅपमध्ये जाईल (मेमरी संपून डिस्क वापरायला लागेल) आणि साइट गोगलगाय होईल. एचटीॲक्सेसमधल्या ‘पीएचपी-व्हॅल्यू’च्या ओळीही आधी काढाव्या लागतात, नाहीतर थेट 500 एरर येते. त्या सेटिंग्ज डॉट यूजर डॉट आयएनआय फाइलमध्ये टाका. बदल लागू व्हायला पाच मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो.

अपाचेला एफपीएम जोडताना एका जागी डोळे उघडे ठेवा. इंटरनेटवरच्या बऱ्याच जुन्या मार्गदर्शनात कोणती फाइल पीएचपीकडे द्यायची ते सांगणारी ‘ॲडहँडलर’ची ओळ दिलेली असते. ती नावात कुठेही डॉट पीएचपी असलेली फाइल पकडते. म्हणजे कुणी ‘फोटो डॉट पीएचपी डॉट जेपीजी’ अपलोड केली तर तीही कोड म्हणून चालवायला जाऊ शकते. त्याऐवजी ‘फाइल्समॅच’मध्ये नावाचा शेवट डॉट पीएचपीनेच होतो अशी अट घाला आणि आत ‘सेटहँडलर’ लावा.

एनजिनएक्स स्थिर फाइली फार हलकेपणाने देतो, पण एचटीॲक्सेस वाचतच नाही. वर्डप्रेसच्या पर्मालिंकचं (पानांच्या सुटसुटीत पत्त्यांचं) काम एका ‘ट्राय-फाइल्स’च्या ओळीत होतं, जुन्या, नियमांनी भरलेल्या साइटचं मात्र सगळं हाताने लिहून काढावं लागेल. म्हणून नवी साइट असेल तर एनजिनएक्स आणि एफपीएम, चालती जुनी साइट हलवायची असेल तर अपाचेचं इव्हेंट मॉड्यूल (प्रीफोर्कऐवजी थ्रेड वापरणारं) आणि एफपीएम. मॉड-पीएचपी फक्त घरच्या लॅपटॉपवर शिकण्यासाठी.

बदल करताना साइट थोडा वेळ बंद ठेवा. मॉड-पीएचपी निघालं आणि एफपीएम अजून जोडलं नाही, अशा अवस्थेत सर्व्हर पीएचपीची फाइल कच्च्या मजकुरासारखी पाठवून देतो, पासवर्डसकट. जोडणी झाल्यावर पीएचपी-इन्फोचं (पीएचपीच्या सेटिंग्ज दाखवणारं) पान उघडून ‘सर्व्हर एपीआय’च्या ओळीत एफपीएम दिसतंय ना ते पाहा आणि ते पान लगेच पुसून टाका.