दादरची फोटो लॅब : माणूस आहे तसा छापून देतात

रस्त्यावरचे फोटो काढता आणि ते मोबाइलमध्येच पडून राहतात अशा सगळ्यांसाठी हा रिव्ह्यू. दादर वेस्टला, रानडे रोडच्या आतल्या एका गल्लीत छोटी प्रिंटिंग लॅब आहे, काका आणि त्यांचा पुतण्या असे दोघंच चालवतात. नाव लिहू नकोस असं काकांनीच सांगितलंय, कारण गर्दी वाढली की प्रत्येक प्रिंटकडे बघायला वेळ मिळत नाही म्हणाले, त्यामुळे नाव टाकत नाही.

मला ही लॅब का आवडते ते आधी सांगते. इथे माणसाला गोरं करत नाहीत.

हे वाचून काहींना वाटेल यात काय विशेष, पण एकदा आपल्याच शहरातल्या माणसांचे फोटो कुठूनही प्रिंट करून बघा म्हणजे कळेल. पूर्वी मी जिथे प्रिंट टाकायचे तिथून फूलवाल्या, हमाल, मच्छीवाल्या मावश्या सगळ्या दोन-तीन शेड उजळून परत यायच्या, झेंडू लिंबासारखा फिका पडायचा आणि पहाटेचा अंधार राखाडी व्हायचा. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "मॅडम, कस्टमरला असंच आवडतं."

काकांनी मला यामागची गंमत समजावली. लॅबच्या मशीनमध्ये ऑटो करेक्शन असतं, ते साधारण असं धरून चालतं की फोटोतल्या उजेडाची सरासरी मधल्या राखाडीच्या आसपास यायला हवी. आता पहाटेचं मार्केट, सावळा चेहरा, मागे काळोख, म्हणजे मशीनच्या हिशोबाने हा फोटो 'अंडर' गेलाय, उजेड कमी पडलाय, की ते लगेच सगळं उजळवतं. काका ऑटो बंद करतात आणि प्रत्येक फोटोची डेन्सिटी, म्हणजे प्रिंट किती गडद किंवा फिकी हवी ते, हाताने लावतात. आधी एक सॅम्पल काढतात, ते हातात घेऊन दुकानाच्या बाहेर पायरीवर येतात आणि दिवसाच्या उजेडात चेहरा बघतात, कारण आतल्या ट्यूबलाइटखाली रंग फसवतो. पटलं नाही तर परत आत, परत एक सॅम्पल. वाया गेलेल्या सॅम्पलचे पैसे घेत नाहीत.

आणि हे फक्त आपल्याकडच्या दुकानांचं नाहीये. कोडॅक कंपनीच्या फिल्मच्या काळात लॅबमध्ये रंग जुळवायला 'शर्ली कार्ड' वापरायचे, त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो असायचा, तिची कातडी नीट आली म्हणजे प्रिंट नीट. वर्षानुवर्षं जगभर तेच माप. गडद शेड फिल्मवर नीट येत नाहीत ही तक्रार जोरात कुणी केली तर चॉकलेटवाल्यांनी आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी! माणसांचं कुणी ऐकलं नव्हतं. आपल्याकडे २०२० मध्ये फेअर अँड लव्हलीच्या नावातून 'फेअर' गेलं पण मोबाइलच्या कॅमेऱ्यात ब्यूटी मोड आहेच, कित्येक फोनमध्ये तो सेल्फीला आपोआप चालू असतो आणि आपण बंदही करत नाही.

दादरच्या फूल मार्केटमधल्या एका मावशींचा फोटो मी इथून छापून घेतला. झेंडूच्या ढिगाऱ्यामागे बसलेल्या, डोक्यावरून शाल, हातात हिरव्या बांगड्या, वर पिवळा बल्ब. मी विचारूनच काढते आणि जमेल तेव्हा प्रिंट नेऊन देते, त्यांनाही दिली. त्यांनी ओले हात पदराला पुसले, फोटो कडेने धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "ही मी आहे बघ. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये नवरी कोण आणि करवली कोण तेच कळत नाही, सगळ्यांना पीठ लावल्यासारखं केलंय." मग शेजारच्या गाळ्यावर दाखवायला घेऊन गेल्या, गिऱ्हाईक उभंच.

आमच्या भागातल्या एका सफाई कामगार दादांचं वेगळं. कंत्राटी आहेत. त्यांचा काम करतानाचा फोटो मला फार आवडला होता, पहाटे रस्ता रिकामा, जॅकेटवरचा पट्टा चमकतोय. त्यांनी तो बघितला आणि म्हणाले, "झाडूवाला तुमच्याकडे ठेवा ताई, मला शिवाजी पार्कचा कट्टा आहे ना, तिथे बसलेला द्या, गावाला पाठवायचाय." दिला. अशा माणसांचे फोटो प्रदर्शनात लागतात, त्यांच्यावर लेख येतात, बक्षिसं मिळतात, आणि त्यांच्या स्वतःच्या घरात आयकार्डच्या फोटोशिवाय काही नसतं, हे मला मनापासून खटकतं. फोटो कुणाचा हा प्रश्न विचारायलाच हवा. काकांनी दोन्ही प्रिंट सारख्याच मन लावून काढल्या, कट्ट्यावरच्या फोटोत दुपारचं ऊन होतं म्हणून चेहरा उलट किंचित डार्क करावा लागला.

लग्नाच्या बायोडेटाचे फोटोही इथे होतात. एकदा मी थांबले असताना एक आई मुलीला घेऊन आल्या होत्या, "जरा उजळ करा हां, स्थळं बघतोय." मुलगी मान खाली घालून उभी. काका म्हणाले, ताई, मुलगा समोर येईल तेव्हा हिचाच चेहरा बघणार ना, मी आहे तसा काढून देतो, नाही आवडला तर पैसे देऊ नका. आई कुरकुरल्या पण फोटो घेऊन गेल्या. काकांनी त्यासाठी चांगलं वीसेक मिनिटं लाइट लावून फोटो काढला होता आणि खरंच सुंदर आला होता, मुलीने जाताना मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून घेतला. गिऱ्हाईक हातचं जाऊ शकतं हे माहीत असून दुकानदाराने असं बोलणं सोपं नाही.

आता कामाचं. ४×६ इंचाची प्रिंट १५ रुपये, लस्टर म्हणजे कमी चमकीचा पेपर घेतला तर थोडे जास्त, आणि लस्टरच घ्या कारण ग्लॉसीवर बोटांचे ठसे उठतात आणि हे फोटो दहा हातांतून फिरतात. मोबाइलचा फोटो बहुतेक ४:३ असतो आणि ४×६ हा ३:२, त्यामुळे आडवा फोटो वर-खाली आणि उभा फोटो दोन्ही बाजूंनी कापला जातो, चेहऱ्याभोवती जागा सोडून काढा नाहीतर पांढरी बॉर्डर ठेवायला सांगा. व्हॉट्सअॅपवर पाठवायचे असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा फोटो म्हणून पाठवला की बारीक होऊन जातो. ४×६ ला ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) हिशोबाने १२००×१८०० पिक्सेल पुरतात, म्हणजे साधा फोनसुद्धा चालतो, महागडा कॅमेरा लागत नाही.

कमी काय आहे तर वेळ लागतो, त्याच दिवशी मिळेलच असं नाही. १२×१८ च्या वर साइज नाही. बसायला जागा नाही, पावसात पायरीवर उभं राहावं लागतं. रविवारी बंद. घाई असेल तर दुसरीकडे जा, पण घरच्यांचे, कामवाल्या मावशींचे, वॉचमन काकांचे फोटो छापायचे असतील तर दोन दिवस थांबा आणि इथेच टाका. देताना "ऑटो नको" असं वेगळं सांगायची गरज नाही.