पद्मिनीची ऑइल गळती: सिलिकॉनची ट्यूब की हाताने कापलेलं पॅकिंग?

प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट मोटार, असलेल्या माणसाला गाडीखाली पुठ्ठा टाकायची सवय असतेच, त्यामुळे थोडंफार ऑइल गळणारच यावर वेगळं काही लिहीत नाही. प्रश्न येतो तो पुठ्ठा आठवड्याला बदलावा लागतो तेव्हा, आणि पुण्यात नाना पेठेत जाऊन टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग (जोडात बसणारी गॅस्केट) मागितलं की काउंटरवरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, अजून चालवता का. गाडी बनायची बंद होऊन वीसच्या वर वर्षं झाली तरी मुंबईच्या टॅक्स्यांच्या जिवावर बारीकसारीक पार्ट मिळून जायचे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला रजिस्टर झाली, टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, म्हणजे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ते गिऱ्हाईकच संपलं. तेव्हापासून, निदान माझ्या अनुभवात, जे पॅकिंग मिळतं ते एकतर वर्षानुवर्षं खिळ्याला टांगून वाळलेलं नाहीतर दुसऱ्याच कुठल्या गाडीचं, "बसेल हो साहेब" म्हणून हातात दिलेलं.

मग रस्ते उरतात दोन. सिलिकॉनची ट्यूब आणायची आणि जोडावर पिळायची, नाहीतर बोहरी आळीतून कॉर्कची शीट आणून घरी कापायचं. मी एकाच गाडीवर दोन्ही केलंय, टॅपेट कव्हरला आधी दोन वर्षं सिलिकॉन आणि त्यानंतर आजतागायत कापलेलं पॅकिंग, त्यामुळे मत एकदम कोरं नाहीये हे आधीच सांगतो. गळती थांबवायला ऑइलमध्ये ओततात ती बाटली म्हणाल तर ती रबरी सील थोडं फुगवते एवढंच, कॉर्क किंवा कागद तिने जागचा हलत नाही, तेव्हा तिचा विषय इथेच संपला.

कुठलाही रस्ता घ्या, आधी गळतंय कुठून ते बघा. मी एकदा अख्खं चेंबर, म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं, उतरवलं आणि गळत होतं वरचं टॅपेट कव्हर, ऑइल इंजिनच्या अंगावरून ओघळत खाली येऊन चेंबरच्या बोल्टवर थेंब धरत होतं. रॉकेल किंवा डिझेलने इंजिन धुवायचं, वाळू द्यायचं, अंगाला लावायची पावडर भुरभुरायची आणि गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून आणायची. सगळ्यात वरचा ओला डाग तोच चोर. आणि ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा, पाइप चोंदला असेल तर आतलं प्रेशर वाढून सोन्याचं पॅकिंग बसवलंत तरी गळणार, तो आधी साफ करा.

आता सिलिकॉन. त्याची बाजू खरंच भक्कम आहे, उगाच नावं ठेवणार नाही. चेंबरची कड पत्र्याची, कोणीतरी आधी बोल्ट हाणून आवळलेले असतात आणि प्रत्येक भोकाभोवती पत्रा वर आलेला असतो, तिथे सिलिकॉन ते खड्डे स्वतःच भरून काढतं, कॉर्कला ते जमत नाही. म्हणजे तो पत्रा लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून हातोडीने सपाट करायला पाहिजेच, पण किती जण करतात? इंजिनच्या पुढचं टायमिंग कव्हर आणि चेंबर जिथे एकत्र येतात त्या कोपऱ्यात तर सिलिकॉनला पर्यायच नाही. जागा पेट्रोलने पुसून कोरडी ठणठणीत करायची, दोन-तीन मिलिमीटरची अखंड रेघ ओढायची, बोल्टच्या भोकाच्या आतल्या बाजूने, नट आधी नुसते हाताने टेकवायचे, तासाभराने आवळायचे आणि रात्रभर गाडीला हात लावायचा नाही. रेघ जाड झाली की जास्तीचं आत दाबलं जातं, त्याच्या शेवया तुटून ऑइलमध्ये पडतात आणि पंपाच्या जाळीला जाऊन चिकटतात, आमच्या मेकॅनिककाकांनी मला अशी एक जाळी दाखवली होती, तेव्हापासून मी ट्यूब जरा जपूनच दाबतो.

पण माझं मन फिरलं ते या शेवयांमुळे नाही, खरवडण्यामुळे. पद्मिनीचे टॅपेट ही काही पाच वर्षांतून एकदा बघायची गोष्ट नाही, आवाज यायला लागला की कव्हर काढायचं, फिलर, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालायचा, सेट करायचं, अर्ध्या तासाचं काम. सिलिकॉन लावल्यापासून त्या अर्ध्या तासाचे साडेतीन तास झाले. कव्हर निघतच नाही आधी, चिकटून बसतं, हलक्या हाताने ठोकत ठोकत सोडवायचं, मग निम्मं सिलिकॉन कव्हरला, निम्मं हेडला, आणि ते नखाने निघेल असं वाटतं पण निघत नाही, रबरासारखं ताणतं आणि तुटतं, शिवाय आत व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर उघडे, त्यामुळे प्रत्येक तुकडा आत पडू नये म्हणून चिंधी कोंबून बसायचं. मागे कोल्हापूरला मावसबहिणीच्या लग्नाला जायचं होतं, पहाटे पाचला निघायचं, आणि आदल्या रात्री मी साडेदहाला मोबाइलच्या टॉर्चवर हेड खरवडतोय. कंटाळून प्लॅस्टिकची पट्टी टाकली आणि स्क्रू ड्रायव्हर घेतला. ब्लॉक बिडाचा पण हेड अॅल्युमिनियमचं, लोण्यासारखं, एक चरा गेला बरोबर कडेच्या आरपार. आणि हे सगळं करून नवीन सिलिकॉन लावलं तरी ते वाळायला रात्र पाहिजे, जी माझ्याकडे नव्हती. शेवटी लग्नाला एसटीने गेलो, वडील स्वारगेटपासून साताऱ्यापर्यंत एक अक्षर बोलले नाहीत.

ट्यूबचं अजून एक आहे, हा कदाचित माझा वेंधळेपणा असेल, एकदा फोडली की पुढच्या वेळेपर्यंत तोंडाशी दगड होते. तीन ट्यूब अशा फेकल्यात.

कापलेल्या पॅकिंगला सुरुवातीला जीव जातो हे मान्य. पहिलं कापलं ते मी कात्रीने आधी बाहेरून कापलं, मग आतून, आणि शेवटी भोकं पाडायला गेलो तर कड तुटली. उलटं करायचं असतं. शीट कव्हरवर ठेवायची, आधी समोरासमोरची दोन भोकं पाडून त्यात बोल्ट घालायचे म्हणजे शीट सरकत नाही, मग उरलेली भोकं, मग बाहेरची कड आणि सगळ्यात शेवटी आतला भाग. भोकाला पंच नसेल तर बेअरिंगची गोळी भोकावर ठेवून शीटवरून एक टोला, गोल चकती सुटून खाली पडते, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी उगाचच चार भोकं जास्त पाडली. कागदी पॅकिंगला तर कडेवर बॉलपीन हातोडीने हळूहळू टिचक्या मारत गेलं की धातूची कडच कागद कापते, फक्त अॅल्युमिनियमवर हात हलका ठेवा, नाहीतर कडच बसते.

शीट घेताना नुसता कॉर्क घेऊ नका, रबर मिसळलेला मागा, वाकवला तर तडकत नाही. टॅपेट कव्हरला मी तीन मिलिमीटरची वापरतो. आणि खरी गोम ही की चिकटवायचं एकाच बाजूला. कव्हरकडच्या बाजूला शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या चिकट वार्निशाचा, पातळ हात, हेडकडच्या बाजूला नुसतं ग्रीसचं बोट. मग कव्हर उचललं की पॅकिंग कव्हरबरोबर वर येतं, टॅपेट सेट करा, परत ठेवा, आवळा, लगेच स्टार्टर मारा. माझं सध्याचं पॅकिंग सहा वेळा उघडून झालंय. हेडवरच्या त्या चऱ्यात सिलिकॉनचा एक ठिपका भरलाय, तेवढा अपमान गिळावा लागला. आवळताना मात्र जोर नको, कॉर्क बाहेर फुगायला लागला की थांबा, इंजिन दोन-चार वेळा तापून गार झालं की परत पाव आटा.

म्हणजे कॉर्कला त्रास नाहीच असं नाही. गाडी पावसाळाभर उभी राहिली तर कधी कधी पुन्हा आवळावं लागतं, आणि अगदी कोरडं ठक्क असं मी म्हणणार नाही, कडेला किंचित ओल असते. सिलिकॉन बसलं की त्या बाबतीत जास्त कोरडं, हे कबूल. ज्यांची गाडी मेकॅनिककडेच जाते आणि स्वतः बॉनेट उघडायचा प्रश्न येत नाही त्यांना कदाचित सिलिकॉनच बरं पडेल, खरवडणारे हात दुसऱ्याचे.

फ्युएल पंपाला मात्र सिलिकॉन कोणी सांगितलं तरी लावू नका. एक तर पेट्रोलपुढे ते टिकत नाही, आणि तिथल्या पॅकिंगची जाडी नुसती गळती थांबवायला नसते, पंपाचा दांडा किती दाबला जातो ते त्या जाडीवर ठरतं. जुनं जेवढं जाड होतं तेवढंच कापा, व्हर्नियर नसेल तर दोन्ही बोटांच्या चिमटीत धरून बघा, फरक कळतो. हेड गॅस्केटला यातलं काहीच लागू नाही, ती घरी कापायची वस्तू नाही, आणि जुनी निघाली तर कोरडी घासू नका, त्या काळच्या गॅस्केटमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, ओलं करून मगच खरवडा.

प्रत्येक पॅकिंग बसवायच्या आधी मी जुन्या कालनिर्णयच्या पुठ्ठ्यावर त्याचा नमुना आखून ठेवतो, टॅपेट, टायमिंग, पंप, सगळे नावं घालून कपाटामागे उभे आहेत, कोणाला लागले तर ट्रेस करून न्या. चेंबरचा नमुना तेवढा नाहीये, तिथे अजून माझंच दोन वर्षांपूर्वीचं सिलिकॉन आहे आणि ते गळत नाही, त्यामुळे हात लावलेला नाही.