सारंगी, जलतरंग, संबळ घरच्या रेकॉर्डिंगमध्ये: सॉफ्टवेअरमधल्या वाद्यांचा बऱ्याच महिन्यांचा अनुभव

घरी गाणी रेकॉर्ड करणाऱ्यांनी सॉफ्टवेअरमधली वाद्यं वापरावीत का, असं मला आता वरचेवर विचारतात. माझं उत्तर वाद्यागणिक बदलतं. ज्या वाद्यावर एकदा आघात झाला की पुढचा नाद आपोआप विरत जातो, म्हणजे जलतरंग, संतूर, स्वरमंडल, तुणतुणं, संबळ, ती संगणकातून फार छान येतात. ज्या वाद्याचा स्वर सुरू झाल्यापासून संपेपर्यंत वादकाच्या हातात किंवा श्वासात असतो, म्हणजे सारंगी, दिलरुबा, सनई, तिथे खूप कष्ट घ्यावे लागतात आणि तरीही सगळं साधत नाही. खालचं सगळं या एका फरकाभोवती फिरतं.

आमचं काम असं आहे. ताई गाते, नवरा तबल्यावर असतो, मी पेटी आणि रेकॉर्डिंग सांभाळते. कोथरूडचा फ्लॅट, आतली खोली, भिंतीला लागून कपाटं आणि दारावर गोधडी. अभंग, भावगीतं, आजीकडून आलेल्या ओव्या, कधी एखाद्या बालनाट्याचं पार्श्वसंगीत. पुण्यात पखवाज, टाळ, बासरी यांच्यासाठी सॉफ्टवेअर घ्यायची गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे. भजनी मंडळ नाही अशी वस्ती इथे शोधावी लागेल. मंडळातल्या एखाद्या पखवाजवाल्या काकांना विचारलं तर ते आनंदाने येतात, आणि डाव्या तोंडाला ताजी कणीक लावून काढलेला खर्ज कुठल्याही लायब्ररीत, म्हणजे सॉफ्टवेअरसाठी रेकॉर्ड केलेल्या आवाजांच्या संग्रहात, नाही. अडतं ते सारंगीपाशी, जलतरंगापाशी, चौंडक्यापाशी. वादक मोजके, त्यांच्या तारखा भरलेल्या, आणि दोन कडव्यांच्या ओवीसाठी त्यांना किती वेळा बोलावणार? राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाद्यांचं दालन आहे. तिथे ही वाद्यं काचेमागे डोळे भरून बघता येतात, पण नाद ऐकायला मिळत नाही.

रेकॉर्डिंगसाठी मी रीपर हे सॉफ्टवेअर वापरते. ते साठ दिवस पूर्ण स्वरूपात वापरून बघता येतं आणि घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरला मिळतो. वाद्यांच्या लायब्ररी वाजवायला कोन्टॅक्ट प्लेअर हा सॅम्पलर आहे. तो फुकट आहे, पण एक गोष्ट खरेदीआधी बघावी: काही लायब्ररींना पूर्ण, विकतचं कोन्टॅक्ट लागतं, आणि त्या प्लेअरमध्ये उघडल्या तर पंधरा मिनिटांनी आवाज बंद होतो. लायब्ररीच्या पानावर ‘प्लेअर चालेल’ असं लिहिलेलं असेल तरच पैसे भरावेत. भारतीय वाद्यांसाठी स्वित्झर्लंडमधल्या स्वर सिस्टिम्सचं स्वरप्लग आहे. तिसरं म्हणजे डिसेंट सॅम्पलर, तोही फुकट, त्याबद्दल पुढे बरंच लिहायचंय.

जलतरंगापासून सुरुवात करा, असं मी सगळ्यांना सांगते. आघाताचं वाद्य, स्वर छोटा, आणि कीबोर्डवर दोन्ही हातांनी वाजवलं की काड्यांच्या चालीशी हात बराच जुळतो. खरी मेख जोरात असते. मिडीमध्ये, म्हणजे कीबोर्डवरून संगणकाला जाणाऱ्या सूचनांमध्ये, आघाताचा जोर १ ते १२७ असा मोजला जातो. चांगल्या लायब्ररीत हलका, मध्यम आणि जोरकस आघात वेगवेगळे रेकॉर्ड केलेले असतात, शिवाय त्याच जोराचे तीन-चार निरनिराळे आघातही असतात आणि ते आलटून पालटून वाजतात. ही अदलाबदल नसेल तर द्रुत लयीतल्या तुकड्यात तोच तो आवाज टकटक आदळतो आणि ऐकणाऱ्याला लगेच कळतं. मी बहुतेक तुकडे ५५ ते ९५ या जोरात ठेवते, शंभरच्या वर फक्त समेला जाते. खऱ्या वादनातही भांड्यावर काठी आपटत नाहीत.

मात्र सुराकडे बघावंच लागतं. लायब्ररी येतात त्या बारा समान भागांच्या सप्तकात. तंबोऱ्यातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो त्या सप्तकातल्या शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) खाली असतो. त्याच हिशेबाने धैवत साधारण १६ आणि निषाद १२ सेंट खाली येतो. तबल्याच्या गजबजाटात हा फरक दबतो, पण तंबोरा, गळा आणि जलतरंग एवढंच असेल तेव्हा यमनचा गंधार टोचतो. ताईने तो ऐकताक्षणी मान हलवली होती. कोन्टॅक्टमध्ये प्रत्येक स्वर सेंटमध्ये वरखाली करायची सोय आहे. ते काम दहा मिनिटांचं आहे, आणि त्यानंतर तोच तुकडा असा गळ्याला चिकटला की ताईने पुन्हा गायला मागितलं. साथीला पेटी असेल तर मात्र मी हे करत नाही. पेटी आपला गंधार बदलणार नाही, मग जलतरंगाने पेटीसोबतच जावं.

आता सारंगी. हिच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. गजाच्या तीन तांतेच्या तारा, खाली आपोआप झणकारणाऱ्या तीसहून जास्त तारा, म्हणजे तरफा, आणि डाव्या हाताची बोटं तारेवर वरून दाबायची नाहीत, नखाच्या मुळाशी तार बाजूने टेकवायची. पडदे नाहीत. म्हणून एका स्वरातून दुसऱ्यात जाताना मधली सगळी वाट ऐकू येते. ती वाट हीच सारंगी, आणि सुट्या स्वरांचे नमुने जोडणाऱ्या सॉफ्टवेअरकडे नेमकी तीच नसते.

यमनमधली प वरून रे वर येणारी मींड, म्हणजे न तुटता घसरत येणं, घ्या. हे अंतर पाच अर्धस्वरांचं. कीबोर्डचं स्वर वरखाली ओढणारं बेंड चाक मुळात दोन अर्धस्वरच जातं, म्हणून आधी त्याची मर्यादा बारावर न्यायची. तरी चाक हाताने सोडलं की ते स्प्रिंगने मध्यावर येतं आणि मींड घसरगुंडीसारखी वाटते. मी ताईकडून तीच मींड गाऊन घेतली. रीपरमधल्या रीट्यूनमध्ये गळ्याच्या सुराचा आलेख दिसतो, तो समोर ठेवून बेंडची रेषा माउसने काढली. पंचमावर थांबा, तीव्र मध्यमावरून चटकन, गंधाराला स्पर्श करताना वेग कमी, आणि ऋषभावर किंचित खालून टेकणं. रेषा जुळली, वळण बरोबर आलं, आणि तरी आवाज खोटा वाटला.

कारण शोधायला वेळ लागला, पण ते सगळ्यांना उपयोगी पडेल. नमुना खाली ओढला की फक्त तार खाली जात नाही. त्या रेकॉर्डिंगमध्ये अडकलेला पोकळीचा घुमारा आणि तरफांची झणकारही तिच्याबरोबर खाली सरकते. खऱ्या सारंगीत वादकाचं बोट सरकतं, पण लाकडाची पोकळी आणि तरफा जागच्या जागी असतात. कान हे ओळखतो, नाव देता आलं नाही तरी. म्हणून मोठी मींड ओढूच नये. दोन अर्धस्वरांच्या आतली ठीक जाते. ज्या लायब्ररीत स्वरांमधला प्रवासच वेगळा रेकॉर्ड केलेला असतो ती जास्त पैसे देऊन घ्यावी. विकत घेण्यापूर्वी एवढं तरी ऐकावं की खालच्या सप्तकात प्रत्येक स्वराचा वेगळा नमुना आहे की एकच ताणून सगळीकडे पसरलाय. सेलमध्ये घेतलेल्या एका सारंगीच्या बाबतीत मला हे डेमोमध्ये कळलंच नाही, कारण डेमो सगळा मध्य सप्तकात होता.

दुसरा रस्ता फिजिकल मॉडेलिंगचा. यात रेकॉर्ड केलेले नमुने नसतात, तार, गज आणि पोकळी यांचं गणित त्या क्षणी सोडवून आवाज तयार होतो. यामाहाने १९९४ मध्ये व्हीएल-१ हा असा सिंथेसायझर आणला होता. आज हेच घरच्या लॅपटॉपवर चालतं. ऑडिओ मॉडेलिंग या इटालियन कंपनीच्या स्वाम मालिकेतला व्हायोला मी वापरते. त्यात मींड ओढली तरी पोकळी जागेवर राहते. गजाचा दाब एक्स्प्रेशन पेडलने, म्हणजे पायाने कमी-जास्त दाबायच्या पेडलने, द्यावा लागतो. पाय स्थिर ठेवला तर स्वर मेलेला, पाय श्वासासारखा हलला तर जिवंत. पंडित रामनारायण यांनी सारंगीला स्वतंत्र वादनाचं वाद्य म्हणून मान मिळवून दिला. त्यांची रेकॉर्डिंग ऐकत मी फक्त गज कुठे पालटतो ते टिपत गेले, आणि पेडलवरचा पाय त्यातून शिकला. व्हायोलाच्या मागे स्वरमंडलाचे नमुने रागाच्या सुरात लावून अगदी हळू ठेवले की तरफांचा भास होतो. गळ्याच्या मागे, दोन ओळींच्या मधल्या जागेत हे सुंदर बसतं. स्वतंत्र चार ओळींचा तुकडा दिला की तो व्हायोलाच आहे हे कळतं.

म्हणून एका अभंगाच्या मधल्या तुकड्यासाठी आम्ही शेवटी सारंगीवादकांनाच बोलावलं, योग्य मानधन देऊन. सॉफ्टवेअरने केलेला कच्चा तुकडा त्यांना आधी पाठवला होता, त्यामुळे लय, पट्टी, किती मात्रांची जागा हे सगळं त्यांना येण्यापूर्वीच ठाऊक होतं. त्यांनी तो ऐकून बाजूला ठेवला आणि स्वतःचा वाजवला, आणि तो कितीतरी सरस होता. पण काम एका बैठकीत झालं ते त्या कच्च्या तुकड्यामुळे. हा उपयोग माझ्या मते सगळ्यात मोठा आहे.

संबळ आणि तुणतुणं मला हवं तसं कुठल्याच लायब्ररीत मिळालं नाही. देवीच्या ओवीमागे तबला ठेवणं मला पटत नव्हतं. नात्यातल्या लग्नानंतर गोंधळ झाला, तिथल्या गोंधळी काकांना मी घरी यायची विनंती केली. आधीच सांगितलं की तुमचा एकेक ठोका सुटा रेकॉर्ड करणार, पुढे आमच्या गाण्यांत तो वाजेल, तुमचं नाव लागेल आणि मानधन हे असेल. ते म्हणाले, ‘ताई, सुटा ठोका म्हणजे संबळ नव्हे. आधी ठेका ऐका, मग काय कापायचं ते कापा.’

त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं. मी सुटे ठोकेही घेतले आणि चालू ठेकाही घेतला. ठेक्यातून कापलेले ठोके सुट्यांपेक्षा कितीतरी जिवंत वाटतात, कारण आधीच्या ठोक्याने कातडं अजून थरथरत असतं आणि चढ्या तोंडावर मारलं की खर्जाचं तोंडही बोलतं. सुट्या ठोक्यात प्रत्येक वेळी वाद्य झोपेतून उठतं. आता माझ्याकडे दोन्ही तोंडांचे हलके, मध्यम, जोरकस असे ठोके आहेत, प्रत्येकी चार-पाच निरनिराळे. डिसेंट सॅम्पलरमध्ये हे सगळं साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहायचं असतं: कुठला आवाज कीबोर्डच्या कुठल्या पट्टीवर, किती जोरापर्यंत, आणि आळीपाळीने वाजवायचा का. प्रोग्रामिंग येत नसलं तरी जमतं. एक नमुना फाइल उघडून नावं बदलत गेलं की पुरतं.

तुणतुणं तर आणखी सोपं. एकच तार, एकच स्वर, गायकाच्या पट्टीला लावलेला. मी काळी चार आणि काळी पाच अशा दोन पट्ट्यांत घेतलं. एखाददुसरा अर्धस्वर वरखाली सॅम्पलरने केला तरी बिघडत नाही. त्यापलीकडे गेलं की बारीक, खेळण्यासारखं वाटायला लागतं. चौंडकं मात्र मी सोडून दिलं. त्यात तार ताणत-सैल करत आवाज वळवतात, म्हणजे ते आघाताचं असूनही सारंगीच्या बाजूचं आहे. तिथे पूर्ण ठेकेच रेकॉर्ड करून वापरते.

संगणकाबद्दल थोडक्यात. १६ जीबी रॅम आणि एसएसडी असली की आमच्यासारख्यांचं भागतं. वाजवताना बफर (संगणक एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो) १२८ वर ठेवला तर उशीर साधारण तीन मिलिसेकंदांचा होतो आणि हाताला जाणवत नाही. १०२४ वर तो तेवीसच्या आसपास जातो आणि लय मागे पडते. वाजवून झालं की बफर वाढवायचा आणि जड ट्रॅक फ्रीझ करायचे, म्हणजे तयार आवाजाच्या फाइलमध्ये बदलून ठेवायचे.

गणेशोत्सवाआधीचे आठवडे पुण्यात घरी माइक लावणं अशक्यच असतं. नदीपात्रातला ढोल-ताशांचा सराव बंद खिडक्यांतूनही येतो. त्या दिवसांत हेडफोन लावून सगळं कीबोर्डचं काम उरकायचं, आणि गळा उत्सव संपल्यावर घ्यायचा, असं आमचं आता ठरलेलं आहे.

परवान्याचं मनावर घ्या. चोरून उतरवलेल्या लायब्ररी सहज मिळतात, पण ज्या वादकाने तासन् तास एकेक स्वर वाजवून दिला त्याच्या कष्टाचे पैसे त्यात बुडतात. तयार लूप, म्हणजे पुन्हापुन्हा वाजवायचे रेकॉर्ड केलेले तुकडे, वापरत असाल तर आणखी एक: तोच लूप दुसऱ्या कुणी आपल्या गाण्यात वापरून नोंदवला असेल, तर यूट्यूबवर तुमच्या गाण्यावर त्यांचा दावा येऊ शकतो. म्हणून मी लूप घेत नाही, सुटे स्वरच वाजवते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने माझ्या मते रीपर, फुकटचे दोन्ही सॅम्पलर आणि आघाताची एखादी विकतची लायब्ररी एवढंच घ्यावं. गजाच्या वाद्यांवर खर्च करण्यापूर्वी एक्स्प्रेशन पेडल घ्यावं, ते सगळीकडे कामाला येतं.

माझं पुढचं काम सोलापूरकडच्या सुंद्रीचं आहे. सनईहून लहान, पानाचं (रीडचं) वाद्य, म्हणजे श्वासाचं. सुटे स्वर घेऊन भागणार नाही हे आता ठाऊक आहे. कुणी वादक तयार झाले तर त्यांच्याकडून दोन स्वरांमधले प्रवास घ्यायचेत, चढते आणि उतरते, सावकाश आणि चटकन असे वेगवेगळे. कुणी सनईवर असं करून बघितलं असेल तर एका पानाचा ओलावा किती वेळ टिकतो आणि मध्ये आवाज बदलू नये म्हणून काय करता, हे मला जरूर सांगा.