डिप्रेशनसाठी आहार-व्यायामाचं ऑनलाइन समुपदेशन, माझा अनुभव

डिप्रेशनच्या गोळ्या चालू होत्याच, डॉक्टरच म्हणाले की जोडीला हे पण करून बघा म्हणून घेतलं. सगळ्यात आवडलं ते हे की पहिल्याच दिवशी डाएट चार्ट हातात दिला नाही, आधी बी१२ आणि फॉलेट ही व्हिटॅमिन्स, हिमोग्लोबिन, थायरॉइड यांचे रिपोर्ट बघितले, कारण थायरॉइड मंदावलं किंवा बी१२ कमी असलं तरी थकवा, उदासपणा, लक्ष न लागणं हे सगळं होऊ शकतं. आणि गोळ्या बंद करा असं एकदाही म्हणाले नाहीत, याचे पूर्ण मार्क.

डाएटिशियन मॅडमना मी सरळच विचारलं, खाण्याने खरंच डिप्रेशनमध्ये फरक पडतो का? त्यांनी २०१७ चा ऑस्ट्रेलियातला स्माइल्स अभ्यास सांगितला. ६७ जण, १२ आठवडे, भाज्या, फळं, डाळी, मासे, ऑलिव्ह ऑइल असा आहार घेणाऱ्यांपैकी साधारण ३२ टक्के लोकांची लक्षणं जवळपास गेली, आणि ज्यांना नुसती गप्पांची सोबत दिली त्यांच्यात ८ टक्के. वर हेही सांगितलं की अभ्यास छोटा आहे आणि बरेचसे लोक आधीपासून उपचार घेतच होते. असं खरं सांगणारं माणूस भेटलं की विश्वास बसतो.

व्यायामाचा भाग तर मस्तच. पुन्हा पुन्हा डिप्रेशन येणाऱ्यांच्यात हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणींशी संबंधित भाग, सरासरीने थोडा लहान दिसतो, आणि २०११ च्या एका अभ्यासात वर्षभर नियमित चालणाऱ्या वयस्कर लोकांचा हाच भाग २ टक्क्यांनी वाढला होता. ते लोक डिप्रेशनचे पेशंट नव्हते हे खरंय, पण मेंदू बदलू शकतो एवढं कळलं तरी मला सकाळी बूट घालायला बळ यायचं.

आता हे समुपदेशन ज्या अ‍ॅपवरून चालतं त्याबद्दल. तिथले व्हिडिओ म्हणतात सेरोटोनिन, म्हणजे मूडशी संबंधित रसायन, बहुतेक आतड्यात बनतं म्हणून पोट सुधारा की मूड सुधारेल. बनतं आतड्यात हे बरोबर, पण ते मेंदूत पोचत नाही, रक्त आणि मेंदूमधला अडसर त्याला आत सोडत नाही, हे कोण सांगणार? ओमेगा ३, म्हणजे माशांच्या तेलात असतो तो स्निग्ध पदार्थ, त्याच्या कॅप्सूलची जाहिरात पण सारखी, आणि २०२१ मध्ये १८ हजारांहून जास्त लोकांवरच्या चाचणीत त्याने डिप्रेशन टळलं नाही असंच दिसलंय.

त्याहून वाईट म्हणजे चालायचं राहिलं की स्क्रीनवर लाल फुली येते. अहो, ज्याला अंथरुणातून उठणंच जड जातंय त्याला लाल फुली दाखवता? काही जण तिथेच सोडून देतील. मी मॅडमना सांगितलं, त्यांनी माझ्यापुरती ती बंद करून दिली, पण मुळात सगळ्यांसाठीच काढायला हवी.

पाचपैकी चार स्टार. उपचार चालू असतील तर जोडीला जरूर घ्या, पण जीव द्यायचे विचार येत असतील तर यात वेळ घालवू नका, आधी डॉक्टर गाठा, आजच.