नौपाड्यातील निदान केंद्र : झोपेतला ईईजी आणि एमआरआय

माझ्या १३ वर्षांच्या मुलीला झोपेत आकडी येते. दुसऱ्या एका ठिकाणी जागेपणी केलेला २० मिनिटांचा ईईजी नॉर्मल आल्यामुळे आम्ही निर्धास्त झालो होतो. परंतु ईईजीत फक्त तेवढ्या वेळेपुरतीच मेंदूची विद्युत हालचाल उमटते, त्यावरून अपस्मार (वारंवार आकडी येण्याचा आजार) नाही असे ठरत नाही, हे न्यूरॉलॉजिस्टांनी समजावल्यावर झोपेतल्या ईईजीसाठी आम्ही ठाण्याच्या नौपाड्यातील या केंद्रात गेलो.

तंत्रज्ञ ताईंच्या कामावर माझा पूर्ण विश्वास बसला. त्यांनी नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेपने मोजले, लाल पेन्सिलीने खुणा केल्या, प्रत्येक खुणेवरची त्वचा हलकेच घासून पेस्ट लावली आणि मगच इलेक्ट्रोड बसवले. यात अर्धा तास गेला, पण इलेक्ट्रोडची जागा चुकली तर लहरी कुठून उठतात हेच चुकीचे दिसते. तीन मिनिटे जोरजोराने श्वास घ्यायचा होता, तेव्हा त्यांनी मुलीच्या हातात कागदी भिरभिरे देऊन तिला फुंकायला लावले. पुढे लुकलुकणारा दिवा झाला, मग ती झोपली, आणि झोपेतच डाव्या कानशिलाच्या भागात अपस्माराच्या तीक्ष्ण लहरी सापडल्या.

तक्रार एकच आहे, पण गंभीर आहे. तपासणीत झोप लागावी म्हणून रात्री तीनपर्यंत जागवा, असे केंद्रानेच सांगितले होते. सकाळी तलावपाळीला दोन फेऱ्या मारून तिला कसेबसे जागे ठेवून साडेआठला पोहोचलो, तर आत घेतले सव्वादहाला. ती बाकावरच झोपली असती तर सगळे जागरण फुकट गेले असते; शिवाय अपुऱ्या झोपेमुळेही आकडी येऊ शकते. अशा रुग्णांना पहिला नंबर द्यावा, असे मी काउंटरवर लेखी दिले आहे.

एमआरआय तिथेच ३ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचे माप) यंत्रावर झाला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘एपिलेप्सी प्रोटोकॉल’ (अपस्मारासाठीची खास तपासणी पद्धत) लिहिले आहे का, हे आधी पाहून घ्यावे. त्यात पातळ काप घेतात, साध्या तपासणीतल्या जाड कापांत हिप्पोकॅम्पसमधला (कानशिलामागच्या मेंदूतला एक छोटा भाग) बारीक दोष निसटू शकतो. रेडिओलॉजिस्टांनी आकडी येताना मान कोणत्या बाजूला वळते, असे मला विचारले. इतक्या महिन्यांत कुठल्याही तपासणी केंद्रात हे कुणी विचारले नव्हते.

अहवालासोबत चित्रांची सीडी आठवणीने मागून घ्यावी. ईईजीच्या आदल्या दिवशी केस धुवावेत, तेल लावू नये, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सकाळची गोळी चुकवू नये.