रेशमी म्हणून गळ्यात मारलेला गालिचा

दिवाळीच्या आधी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एका भाड्याच्या हॉलमध्ये ‘काश्मिरी कालीन, एक्स्पोर्टचा माल’ असं प्रदर्शन लागलं होतं. आईने तिथून बैठकीच्या खोलीसाठी सहा बाय चारचा गालिचा घेतला. आधी 90 हजार सांगितले, शेवटी 42 हजारांना दिला. परदेशी गिऱ्हाइकाने ऑर्डर रद्द केली म्हणून स्वस्त, माल मात्र अस्सल रेशमाचा आणि हाताने एकेक गाठ मारून विणलेला, असं तो विक्रेता सांगत होता. दोन्ही गोष्टी खोट्या निघाल्या. हे लोक गाव बदलत फिरतात, म्हणून त्यांची पद्धत नीट सांगते.

सगळ्यांची खात्री पटते ती जळक्या धाग्याने. त्याने आमच्यासमोर गालिच्यातला एक धागा उपटला, लायटरने पेटवला आणि राख चिमटीत चोळून दाखवली. “देखिए माताजी, प्लास्टिक होता तो गोली बन जाती.” हे खरंच आहे. पॉलिस्टर, नायलॉन वितळतात आणि गार झाल्यावर त्यांचा कडक मणी होतो. पण मणी झाला नाही म्हणजे रेशीम, हे साफ खोटं. व्हिस्कोजचाही मणी होत नाही. तो लाकडाच्या किंवा बांबूच्या लगद्यापासून करतात, त्यामुळे कागदासारखा भुरूभुरू जळतो आणि मऊ राख सोडतो. फरक कळतो तो वासावरून. रेशीम आणि लोकर ही प्राण्यांपासून मिळणारी प्रथिनं. ती जळताना केस जळल्याचा वास येतो आणि ज्योत काढली की ती विझू पाहतात. त्या हॉलमध्ये कोपऱ्याकोपऱ्यात उदबत्त्या लावल्या होत्या. तेव्हा ते प्रसन्न वाटलं होतं. आता मला ती योजनाच वाटते.

दुसरी करामत चमकेची. गालिचा गर्रकन फिरवून “इधर से हल्का, उधर से गहरा” असं तो दाखवत होता. कुठल्याही चमकदार धाग्याची लव, म्हणजे वरचे उभे तंतू, एका दिशेला झुकलेली असली की असा रंगबदल दिसतोच. बांबू सिल्क, आर्ट सिल्क या गोड नावांखाली बहुधा व्हिस्कोजच विकतात.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला एका छोट्या मुलीच्या हातून पन्ह्याचा पेला कलंडला. आईने लगेच ओल्या फडक्याने टिपून घेतलं. वाळल्यावर तेवढी लव कडक होऊन चिकटली आणि भोवती पिवळट-तपकिरी कडं उमटलं. व्हिस्कोज ओला झाला की जवळपास निम्मी ताकद गमावतो, आणि साध्या पाण्यानेही पिवळा पडतो. “पानी मत लगने देना” असं विक्रेत्याने बजावलं होतं, ते रेशमाच्या काळजीपोटी नव्हतं.

गालिचे धुणाऱ्या काकांकडे नेला, तर त्यांनी आधी तो उलटा केला. पाठीला जाड कापड चिकटवलेलं होतं. विक्रेता म्हणाला होता, फरशीवर घासू नये म्हणून लावलंय. काकांनी कडेचा टाका उसवून आत दाखवलं. आत लॅटेक्सचा डिंक, वाळून भुकटी व्हायला लागलेला. “दीदी, ये गाँठ वाला है ही नहीं.” बंदुकीसारख्या यंत्राने ताणलेल्या कापडात धागा ठोकायचा, मागून डिंक फासायचा, असा हा टफ्टेड प्रकार. तो विकण्यात गैर काही नाही, फक्त टफ्टेड म्हणून आणि त्या भावात विकावा. दोन्ही टोकांचे गोंडेही वेगळे शिवलेले होते.

तेव्हा गालिचा घेताना आधी पाठ पाहा. हातगाठीच्या गालिच्याची पाठ उघडी असते. नक्षी मागूनही तितकीच स्पष्ट दिसते, गाठी बोटाला लागतात आणि गोंडे म्हणजे त्याच्या ताण्याचीच, म्हणजे विणीतल्या उभ्या धाग्यांचीच, टोकं असतात. पाठीवर कापड असेल तर ते का, हे विचारा आणि कोपरा उसवून दाखवायला सांगा. धागा लवेच्या मधून तुम्ही स्वतः काढा, दाराबाहेर नेऊन जाळा आणि वास घ्या. काश्मीरच्या हातगाठीच्या गालिच्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे आणि क्यूआर कोडचं लेबल मिळतं. आम्हाला मिळालं गोल शिक्क्याचं लॅमिनेट केलेलं कार्ड, ज्यावर पत्तासुद्धा नव्हता. आणि एवढ्या लांब जायचं तरी कशाला? आपल्या ग्वाल्हेरच्या हातविणीच्या गालिच्यालाही 2023 मध्ये जीआय मिळालंय. मागावर चढलेलं काम डोळ्यांनी पाहून घेता येतं. मला याचंच जास्त वाईट वाटतं की तो पैसा इथल्या विणकरांच्या घरी गेला असता.

खरा लोकरी गालिचा घेतलात तर सुरुवातीला तंतू झडतात, घाबरू नका. व्हॅक्यूमचा फिरता ब्रश बंद ठेवा, गोंड्यांवरून तो फिरवूच नका. सांडलेलं घासू नका, दाबून टिपा. ठेवताना घडी न घालता गुंडाळा आणि मधूनमधून उलगडून झटका, कारण कसर अंधारात, न हललेल्या लोकरीतच लागते.

बिल म्हणून आम्हाला ‘कालीन 1 नग’ एवढीच चिठ्ठी दिली होती. जीएसटी क्रमांक नाही, धाग्याचं नाव नाही. दिलेला फोन आता बंद आहे. पैसे यूपीआयने दिले होते, म्हणून निदान खात्याचा माग आहे. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज देतो आहोत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे. हॉल कोणाच्या नावाने घेतला होता, हेही अर्जात मागतो आहोत. त्याच प्रदर्शनातून तुमच्याकडे गालिचा आला असेल तर चिठ्ठी, कार्ड आणि पैसे दिल्याचा पुरावा फेकू नका. पाठीचे आणि गोंड्यांच्या शिवणीचे फोटो काढून ठेवा आणि तुमची तक्रारही लगेच नोंदवा.